तिखट वेगळं, झणझणीत वेगळं : घरचं जेवण आणि हॉटेलातली ‘कोल्हापुरी’

गडहिंग्लजची_लेक | सोमवार, रात्री ९.४०

काल हायवेवरच्या एका हॉटेलात ‘अस्सल कोल्हापुरी थाळी’ घेतली. लग्न होऊन ठाण्यात आले त्याला १९ वर्षं झाली, पण फलकावर कोल्हापूरचं नाव दिसलं की अजून पाय वळतात. ताट आलं. तांबडा रस्सा लालबुंद. पहिला भुरका मारला आणि जिभेच्या शेंड्यावर चटका, मग घशात, मग थेट कानात. त्यापलीकडं काहीच नाही. मटणाचा वास नाही, भाजल्या खोबऱ्याचा नाही, कांद्याचा गोडवा नाही. साबणानं दोनदा हात धुतले तरी बोटं लालच. लेकानं अर्ध्यात ताट सरकवलं आणि विचारलं, "आई, तुमच्या कोल्हापूरचं जेवण असं असतं होय?" ते मला फार लागलं. म्हणून हा धागा.

आमच्याकडं तिखट आणि झणझणीत हे दोन निराळे शब्द आहेत. तिखट जेवण जीभ जाळतं आणि माणूस पाण्याचा तांब्या शोधतो. झणझणीत जेवताना नाकाला पाणी येतं, कपाळावर घाम फुटतो, पण हात थांबत नाही. पाहुणा नाक पुसत "अजून एक भाकरी वाढा" म्हणाला की आईला समाधान वाटायचं.

शिमगा झाला, ऊन तापायला लागलं की आमच्या घरी चटणीची तयारी सुरू व्हायची. (आम्ही कांदा-लसूण मसाल्यालाच चटणी म्हणतो. ताटात डावीकडं वाढतात ती चटणी वेगळी.) माळवदावर जुनं लुगडं अंथरून त्यावर मिरच्या वाळत घालायच्या. बेडगी, संकेश्वरी आणि लवंगी. बेडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी जाळाला, हे गणित आईचं. देठ मोडायला आम्ही चुलत बहिणी बसायचो. मग अंगणातल्या चुलीवर मोठी कढई चढायची आणि मिरच्या थोड्या थोड्या तेलात परतल्या जायच्या. ठसक्यानं शेजारची घरंसुद्धा दारं लावून घ्यायची. आई झाऱ्या हलवत एकच सांगायची, "फुगली पाहिजे, करपता कामा नये." कांदा उभा चिरून, उन्हात सुकवून, तळून कुरकुरीत. खोबरं, तीळ, खसखस, धणे वेगवेगळे भाजलेले. सगळं डंकावर कांडून यायचं ते गरमच असायचं, आणि लसूण ठेचून शेवटी त्यात पडायचा. तो वास डब्याच्या झाकणातून, पिशवीतून, एसटीतसुद्धा बाहेर यायचा.

तर मला विचारायचंय: हॉटेलात इतकं तिखट घालूनही ते घरच्यासारखं का लागत नाही? मिरचीचा फरक आहे की करण्याचा? आणि तुमच्या भागात तिखट कसं करतात? सविस्तर लिहा, मला खरंच समजून घ्यायचंय.

---

नागपुरी_संत्रा | सोमवार, रात्री १०.१५

मनातलं लिहिलंत. आमच्या सावजीचंही असंच झालंय. मुंबईत एका ठिकाणी ‘सावजी चिकन’ मागवलं तर लाल टोमॅटोची ग्रेव्ही आली. सावजी रस्सा लाल नसतो हो! काळपट असतो, कारण मसाला गडद भाजलेला असतो. हा स्वयंपाक मूळचा नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाचा, मागावर बसणाऱ्या विणकरांचा. त्यात धणे, सुकं खोबरं, खसखस आणि दगडफूल येतं. मिरचीबरोबर मिरे-लवंग सढळ हातानं असतात. म्हणून त्याचा तिखटपणा एका जागी लागत नाही. मिरची जिभेवर कळते आणि मिरे घशात उतरल्यावर, थोडं उशिरा.

लहानपणी वडील रविवारी डबा घेऊन भोजनालयात जायचे. डब्यात वर चार बोटं तेल तरंगत असायचं. आई अर्धी तर्री वाटीत काढून ठेवायची आणि सोमवारी सकाळी ती पोह्यांवर यायची. नागपूरचे तर्री-पोहे हरभऱ्याच्या तर्रीचे, पण आमच्या घरी सोमवारचे हेच.

मिरची म्हणाल तर आमची भिवापुरी. तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय.

---

भटारखाना | सोमवार, रात्री ११.०५

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो. मी ११ वर्षं हॉटेलांच्या किचनमध्ये काम केलंय. आता स्वतःची छोटी खानावळ आहे.

मोठ्या हॉटेलात सकाळीच ग्रेव्ह्या बनवून ठेवतात. पांढरी म्हणजे काजू-मगजची, लाल म्हणजे टोमॅटोची आणि तिसरी तळलेल्या कांद्याची. ऑर्डर आली की पॅनमध्ये तेल, त्यात लाल अन् कांद्याची ग्रेव्ही, भाजी किंवा चिकनचे उकडलेले पीस, वरून दोन चमचे तिखट, थोडा रंग, उतरवताना वर एक तळलेली सुकी मिरची. झालं ‘कोल्हापुरी’. सहा-सात मिनिटांत प्लेट बाहेर. यात आळस नाही, बाहेर ४० टेबलं थांबलेली असतात. पण होतं काय, की तिखट ग्रेव्हीच्या पाण्यात पडतं, तेलात नाही. ते कच्चंच राहतं. कच्चं तिखट जाळतं आणि शिजलेलं तिखट चव देतं, सगळा फरक एवढाच.

खानावळीत मी वाटण तेलात २० मिनिटं परततो. मग आच एकदम मंद करून मसाला घालतो आणि कडेनं तेल सुटेपर्यंत हलवत राहतो. त्यानंतर उकळतं पाणी ओततो. गार पाणी ओतलं तर तर्री वर येत नाही, रस्सा मेल्यासारखा दिसतो. रंगाची बाटली माझ्या किचनमध्ये नाही. बेडगी असेल तर लागत नाही.

आणि एक. गिऱ्हाईकही आम्हाला शिकवतं. "जास्त तिखट करा" म्हणणारे रोज भेटतात. "मसाला नीट भाजा" म्हणणारा ११ वर्षांत मला एकही भेटला नाही.

---

सातारी_कंदी | सोमवार, रात्री ११.३०

+१. शेवटचं वाक्य फार खरं आहे. पुढच्या वेळी हॉटेलात मी हेच सांगणार.

---

रसायनाचे_मास्तर | मंगळवार, सकाळी ७.२०

भटारखाना यांनी अनुभवातून जे सांगितलं, त्याला शास्त्राचा आधार आहे. शाळेत शिकवतो म्हणून जरा लांबण लावतो.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन नावाच्या द्रव्याचा. ते बियांत तयार होत नाही. आतल्या ज्या पांढऱ्या शिरेला बिया चिकटलेल्या असतात, त्या शिरेत होतं. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. म्हणून तिखट कमी हवं असेल तर बिया झटकून भागत नाही, शीर खरवडून काढावी. आता मुख्य मुद्दा: कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. मिरचीचा लाल रंगही तसाच. तेलात परतलं की तिखटपणा आणि रंग दोन्ही तेलात उतरतात आणि ते तेल रस्साभर पसरतं. प्रत्येक घासाला थोडं थोडं येतं. पाण्यात घातलेल्या तिखटाचे कण मात्र सुटे राहतात आणि जिभेवर जिथं पडतील तिथं टोचतात. तर्रीच सगळ्यात जहाल का लागते, त्याचंही हेच कारण.

तोंड भाजल्यावर पाणी पिऊन उपयोग का होत नाही, तेही यातूनच कळतं. पाणी ते द्रव्य तोंडभर फिरवतं फक्त. दूध, दही, ताक घ्यावं. दुधातलं केसीन हे प्रथिन त्याला धरून नेतं.

आणि ‘भाजलं’ हा आपला शब्द किती अचूक आहे बघा. जिभेवर उष्णता ओळखणारी जी यंत्रणा साधारण ४३ अंशांच्या वर जागी होते, तीच कॅप्सेसिननं जागी होते. मेंदूला खरोखर चटका बसल्याचाच निरोप जातो. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं ती यंत्रणा शोधली आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळालं. पक्ष्यांमध्ये ही यंत्रणा कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट आख्खी मिरची मजेत खातो. वर्गात हे सांगितलं की पोरं कान टवकारतात.

तिखटपणा मोजायची रीत १९१२ मध्ये विल्बर स्कोव्हिल यांनी काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं, चाखणाऱ्याला तिखट लागायचं थांबेपर्यंत. आसामकडच्या भूत जोलोकियाचा आकडा १० लाखांच्या वर गेला आणि २००७ मध्ये गिनेसमध्ये तिची नोंद झाली. पण नुसत्या आकड्यानं जेवण होत नाही, हे ताईंनी आधीच सांगितलंय.

---

मालवणचो_झील | मंगळवार, सकाळी १०.१०

आमच्याकडे बेडगीचंच राज्य. मालवणी मसाल्यात बेडगी जास्त, संकेश्वरी थोडी, आणि धणे-बडीशेप भरपूर. माशाच्या कढीत ओल्या खोबऱ्याचं वाटण असतं, त्यामुळे तिखट तिथं फार वर डोकं काढत नाही. बांगड्याच्या तिखल्यात मात्र काढतं. तिरफळं ठेचून घातली की ओठांना जी मुंग्यांसारखी चाल येते, ती मिरचीनं कधीच येत नाही.

मास्तरांनी दूध-ताक सांगितलं, त्यात आमची सोलकढी जोडा. कोंबडी-वड्यांनंतर सोलकढीची वाटी तोंडाला लावली की वरपासून खालपर्यंत थंडावा उतरतो. नारळाच्या दुधात तेलाचा अंश असतो, म्हणून असेल ना मास्तर? आजीला हे शास्त्र माहीत नव्हतं, पण सोलकढी नसेल तर ती कोंबडी शिजवायचीच नाही.

---

रसायनाचे_मास्तर | मंगळवार, सकाळी १०.४०

बरोबर, नारळाच्या दुधातला स्निग्धांश. आजीला नमस्कार.

---

पथारीवरून | मंगळवार, दुपारी १.५०

मी नंदुरबारचा. इथं मिरचीचं जेवण सगळे सांगताहेत, मी मिरचीचं सांगतो.

आमच्या गावाबाहेर पथाऱ्या असतात. ओली लाल मिरची बाजारात आली की व्यापारी ती मोकळ्या मैदानावर सुकायला पसरतात. दिवाळीच्या सुमारापासून पुढं काही महिने गाव लाल दिसतं. लांबून बघितलं तर डोळ्यांचं पारणं फिटतं, पण जवळ गेलं की डोळे चुरचुरतात. अवकाळी पाऊस आला तर एका रात्रीत मिरची पांढरी पडते, बुरशी धरते. ताडपत्र्या घेऊन धावणारी माणसं मी लहानपणापासून बघतोय.

देठ खुडायचं काम बायका करतात. दिवसभर. संध्याकाळी हातांची आग होते. माझी आई हे काम करायची. घरी आली की पाण्यात हात घालायची नाही, आधी तेल चोळायची, मग पीठ लावून पुसायची, मग साबण. आज मास्तरांचं वाचलं तेव्हा कळलं की ती बरोबर करत होती. आई आता नाही. हॉटेलात कोणी ताटात तिखट टाकून उठलं की मला तिचे हात आठवतात.

जेवणाचं म्हणाल तर खान्देशात शेवभाजी आहे. काळ्या मसाल्याचा रस्सा उकळता आणि जाड तिखट शेव वाढताना घालायची. आधी घातली तर लगदा होतो. आणि भरताला हिरवी मिरची, वांग्याबरोबरच भाजलेली, लाकडी बडगीत ठेचलेली. लाल तिखट भरताला घालत नाहीत.

---

गडहिंग्लजची_लेक | मंगळवार, दुपारी ३.१५

पथारीवरून, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. देठ मोडताना आमचेही हात जळायचे, पण ते वर्षातून दोन दिवस. रोजचं काय असतं ते आज कळलं. लेकालाही वाचून दाखवलं.

---

लेस्टरचा_पुणेकर | मंगळवार, सायंकाळी ६.३०

इथे इंग्लंडमध्ये तर तिखटाची उतरंडच लावून ठेवलीये. कोर्मा म्हणजे गोड, मद्रास म्हणजे तिखट, विंदालू म्हणजे त्याहून तिखट. पदार्थाचं नाव म्हणजे तिखटाचा आकडा. विंदालू खरा गोव्याचा. पोर्तुगीजांच्या व्हिनेगर-लसणात मुरवलेल्या मांसावरून आलेला, त्याचा जीव आंबटपणात आणि मुरण्यात. नावातला ‘आल्यूश’ म्हणजे लसूण. त्याचा इथे ‘आलू’ झाला आणि बटाटे पडायला लागले.

पहिल्या वर्षी हौसेनं ‘सगळ्यात तिखट’ मागवलं. तुमच्या थाळीसारखंच, नुसता जाळ. मग इथल्या एका सिल्हेटी आचाऱ्याशी ओळख झाली. त्यानं मला त्यांचं घरचं जेवण वाढलं: मासा, सातकराचं लिंबू आणि हिरव्या नागा मिरचीचा एक काप. असं सुंदर तिखट मी त्या हॉटेलाच्या मेन्यूवर कधीच पाहिलं नव्हतं. तो म्हणाला की गिऱ्हाईक जे मागतं ते बाहेर, आपलं जेवण आत. म्हणजे ही तक्रार फक्त कोल्हापूरची नाही.

घरी मी आईनं दिलेला मसाला वापरतो. वर्षाला दोन किलो, घट्ट पॅक करून फ्रीजरमध्ये.

---

अळणी_नको | मंगळवार, रात्री ८.५०

ताई, एक मदत हवी. सासरे साताऱ्याचे, आयुष्यभर झणझणीत खाल्लेले. गेल्या वर्षी त्यांना अल्सर निघाला. आता बरे आहेत, पण घरात धास्तीनं सगळं फिकं होतं. ते काही बोलत नाहीत, निम्मं जेवून उठतात. ते बघवत नाही. जळजळ न होता चव येईल असा मसाला करता येईल का? आणि तिखटानं अल्सर परत होतो का?

---

डॉ_शिरवळ | मंगळवार, रात्री १०.००

अल्सर तिखटामुळे होतो हा समज फार जुना आहे. बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्यांचा सततचा वापर असतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना या जिवाणूच्या शोधासाठी २००५ चं नोबेल मिळालं. पण जखम ओली असताना किंवा आम्लपित्ताचा त्रास असताना तिखट-तेलकट जेवणानं जळजळ वाढू शकते, हेही खरं. सासऱ्यांच्या डॉक्टरांना विचारा, त्यांची हरकत नसेल तर थोड्यापासून सुरुवात करा. रात्री उशिरा नको, रिकाम्या पोटी नको. आणि गुडघेदुखीच्या गोळ्या ते आपल्या मनानं घेतात का, ते आधी बघा. मिरचीपेक्षा ते महत्त्वाचं.

---

गडहिंग्लजची_लेक | मंगळवार, रात्री ११.२०

अळणी_नको, नक्की करता येईल. माझ्या वडिलांना शेवटची काही वर्षं तिखट सोसत नव्हतं, तेव्हा आई वेगळी बरणी भरायची. तिचंच प्रमाण देते.

नेहमीच्या चटणीला एक किलो मिरचीत बेडगी ६०० ग्रॅम, संकेश्वरी ३००, लवंगी १००. वडिलांच्या बरणीला बेडगी ९००, संकेश्वरी १००, लवंगी नाही. बेडगी सुरकुतलेली बघून घ्या, तीच खरी. हात फिरवला की खडबडीत लागते. गुळगुळीत चकचकीत असेल तर मिसळ आहे. मिरच्या मोडून बिया आणि आतली शीर जमेल तेवढी झटका. एक किलो मिरचीला पाव किलो धणे, पाव किलो सुकं खोबरं, अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, १०० ग्रॅम तीळ, ५० ग्रॅम खसखस, ५० ग्रॅम जिरं, गरम मसाला बेताचा, मीठ पाव किलो. वडिलांच्या बरणीत आई खोबरं आणि तीळ जरा जास्त घालायची. त्यानं चव भरते आणि तिखट कमी झालंय हे पटकन कळत नाही. मिरची परतताना आच मंद, एका वेळी दोनच मुठी. एक जरी करपली तरी सगळ्या चटणीला कडवटपणा येतो.

रश्श्याचंही सांगते, म्हणजे मसाला वाया जाणार नाही. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवा. ते अळणी पाणी गाळून दोन पातेल्यांत घ्या. एकात वाटण परतून, त्यात चटणी तेल सुटेपर्यंत परतून, ते पाणी उकळतं ओतलं की तांबडा. दुसऱ्यात खसखस-काजूचं वाटण, मिरी, दालचिनी आणि शेवटी नारळाचं दूध की पांढरा. नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळू देऊ नका, फाटतं. सासऱ्यांना आधी पांढरा वाढा आणि तांबडा वाटीत थोडा. त्यांनी आपल्या हातानं ओतून घेऊ दे. किती सोसतं ते त्यांना बरोबर कळेल.

भटारखाना, तुमचे विशेष आभार. हॉटेलवाले मुद्दाम फसवतात असंच मी धरून चालले होते. घाई हे कारण माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. शनिवारी लेकाला कढईजवळ उभं करणार आहे, तेल कसं सुटतं ते त्याला दाखवायचंय.

---

अळणी_नको | १२ दिवसांनी, रात्री ९.१०

डॉक्टरांना विचारलं, थोडं चालेल म्हणाले. (गुडघ्याच्या गोळ्या खरंच चालू होत्या. त्या त्यांनी बदलून दिल्या. डॉ_शिरवळ, फार उपकार.) मग लालबागला मिरची गल्लीत जाऊन मिरच्या घेतल्या. बेडगी हाताला खडबडीत लागते का ते तपासून घेतली. तिथंच डंकावर कांडून आणला.

आज तांबडा-पांढरा केला. सासऱ्यांनी पांढऱ्याची वाटी संपवली, मग तांबड्याची वाटी पुढं ओढली, भाकरी चुरली आणि वर दोन पळ्या ओतून घेतल्या. बोलले काहीच नाहीत. नाक पुसलं आणि भाकरीच्या टोपलीकडं हात केला. सासूबाई आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो.

आता दोन प्रश्न. मसाला अजून कोमट वाटतो, बरणीत आत्ता भरू का? आणि जावेलाही करायचाय, तर लवंगी थोडी घालू का?

---

गडहिंग्लजची_लेक | १२ दिवसांनी, रात्री ९.२५

वाचून डोळ्यांत पाणी आलं. वाढलीत ना अजून एक भाकरी?

कोमट असेल तर अजिबात भरू नका, बरणीत वाफ धरेल. परातीत पसरून वर मलमल टाका, सकाळी भरा. दाबून भरायचा, वर हिंगाचे दोन खडे, आणि ओला चमचा कोणी घालणार नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. जावेसाठी किलोला ५० ग्रॅम लवंगी पुरे. आणि डंकावर सकाळी लवकर जा, उन्हाळ्यात फार थांबावं लागतं.